नाही म्हणणारी वायर

अमेरिकेत आल्यावर मराठी माणसाला ज्या गोष्टींचं गांभीर्य उमगायला वेळ लागतो, त्यात गवताचा नंबर बराच वरचा आहे. आपल्याकडे गवत उगवतं, म्हशी खातात, विषय संपला. इथे ओहायोत मात्र एप्रिल ते ऑक्टोबर गवत हा चारचौघांचा प्रश्न असतो. आमच्या गावात आठ इंचांच्या वर गवत गेलं की दाराला चिठ्ठी लागते. दहा दिवसांत कापा, नाहीतर आम्ही माणूस पाठवून कापू आणि बिल तुम्हाला लावू.

अशी चिठ्ठी मे महिन्यात आमच्या शेजारच्या आजींच्या दाराला लागली. आजींचं वय शहात्तर, एकट्या राहतात. पाऊण एकराचं आवार, मागची बाजू उतरती, आणि उताराच्या तळाशी ओढा. आजोबा २०२२ च्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर गवत कापायला एक माणूस यायचा, त्याने या वर्षी दर असा काही वाढवला की आजींनी त्याला नमस्कार केला. दुसऱ्या शहरातला मुलगा फोनवर एकच पालुपद लावून होता: आवार झेपत नाही ना, मग घर विकून टाक आणि इकडे फ्लॅटमध्ये ये. म्हणजे दारावरची चिठ्ठी दिसायला गवताची, पण आजींना ती घराची वाटत होती.

शेडमध्ये आजोबांचा रायडिंग मोअर होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: खुर्चीएवढी सीट असलेला बुटका ट्रॅक्टर, पुढे इंजिन, पोटाखाली फिरणारी पाती. आजोबा गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"यंग मॅन, तू इंजिनियर आहेस ना?" आजींनी कुंपणावरून विचारलं.

आता आली का पंचाईत! आमच्या पदवीवर लिहिलंय मेकॅनिकल आणि पोट चालतं जावावर. भारतातल्या निम्म्या आयटीवाल्यांची हीच कथा. पण आजींना हे समजावत बसण्यापेक्षा शेडचं दार उघडणं सोपं होतं. शनिवार होता, आणि हिने बटाटेवड्यांचा बेत संध्याकाळी ठेवला होता, म्हणजे दिवस मोकळाच.

इंजिन होतं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं. ही १९०८ साली सुरू झालेली मिलवॉकीची कंपनी, आणि तिच्या इंजिनांवर एक छान गोष्ट असते. पत्र्यावर तीन आकडे ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. मॉडेलचे पहिले आकडे म्हणजे इंजिनाचं आकारमान घन इंचांत. इथे ३१ होतं, म्हणजे साधारण ५०० सीसी, एकच सिलिंडर. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे साल. ०४. म्हणजे हे इंजिन २००४ सालचं, माझ्यापेक्षा थोडंसं धाकटं.

पहिली पायरी बॅटरी. इतकी वर्षं पडून राहिलेली बॅटरी जिवंत असण्याची आशा नव्हती, नव्हतीच. नवी आणून बसवली, मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवले. ब्रेक दाबून किल्ली फिरवली. इंजिन छान गरगरलं. पण नुसतंच गरगरलं. एक फटकासुद्धा मारला नाही.

इथे बहुतेक लोक (आणि आजींचा नातूही, तो दुपारी येऊन टेकला होता) म्हणतात, "बॅटरी वीक असेल." तर मंडळी, या लेखातला पहिला मुद्दा हा: या इंजिनाच्या ठिणगीचा बॅटरीशी काहीही संबंध नाही. बॅटरी स्टार्टर फिरवते, दिवे लावते, कार्बोरेटरखालचा इंधनाचा सोलेनॉइड उघडते. ठिणगी मात्र इंजिन स्वतःची स्वतः तयार करतं. याला म्हणतात मॅग्नेटो.

काम कसं चालतं ते थोडक्यात. इंजिनाच्या डोक्यावर जड फ्लायव्हील असतं, त्याच्या कडेत एक कायमचा चुंबक बसवलेला असतो. शेजारी, केसभर अंतरावर, लोखंडी पट्ट्यांच्या पायांवर कॉइल उभी असते. त्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. चुंबक समोरून सर्रकन जातो तेव्हा जाड गुंडाळीत करंट सुरू होतो. तो ऐन भरात आला की एक स्विच तो झटक्यात तोडतो. करंट तुटला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून बारीक गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. ते प्लगच्या टोकाशी उडी मारतात. हीच ठिणगी.

पूर्वी तो स्विच म्हणजे फ्लायव्हीलखाली लपलेले दोन पॉइंट असायचे. ते झिजायचे, त्यांच्यावर काजळी धरायची, दर काही महिन्यांनी घासायला लागायचे. १९८२ साली ब्रिग्जने मॅग्नेट्रॉन नावाची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आणली, आणि पॉइंटची जागा कॉइलमध्येच बसलेल्या ट्रान्झिस्टरने घेतली. मूळ कल्पना मात्र फार जुनी. रॉबर्ट बॉशच्या श्टुटगार्टमधल्या वर्कशॉपने १८८७ साली एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला, आणि त्याच्याकडच्या गोट्लोब होनोल्डने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला. शेजारच्या शेडमध्ये त्याच घराण्याचं पोर बसलं होतं.

आणखी एक गंमत. हा चुंबक दर फेऱ्याला कॉइलसमोरून जातो, त्यामुळे ठिणगीही दर फेऱ्याला पडते. फोर-स्ट्रोक इंजिनाला ती दोन फेऱ्यांतून एकदाच लागते. उरलेली अर्धी धूर बाहेर जाताना वायाच जाते. मिनिटाला ३६०० फेरे धरले तर सेकंदाला ६० ठिणग्या, त्यातल्या ३० फुकट. पण त्यामुळे रचना इतकी सोपी होते की बनवणाऱ्यांनी ती उधळपट्टी आनंदाने सोसली.

आता कळीचा प्रश्न. बॅटरी नाही, बाहेरून करंट नाही, फ्लायव्हील फिरलं की ठिणगी पडणारच. मग किल्ली बंद केल्यावर इंजिन थांबतं कसं?

याचं उत्तर कळलं आणि बाकी सगळा गुंता सुटत गेला. कॉइलच्या जाड गुंडाळीतून एक बारीकशी वायर बाहेर येते. किल्ली बंद केली की ती वायर इंजिनाच्या बॉडीला जोडली जाते, आपल्या भाषेत अर्थ होते. ट्रान्झिस्टर करंट तोडायला जातो, पण करंटला दुसरा रस्ता मोकळा मिळालेला असतो. करंट तुटत नाही, क्षेत्र कोसळत नाही, ठिणगी पडत नाही. इंग्रजीत हिला किल वायर म्हणतात. मी तिला नाही म्हणणारी वायर म्हणतो.

म्हणजे घरातल्या दिव्याच्या बरोबर उलट. दिव्याला वायर जोडली तर लागतो, तोडली तर विझतो. इथे वायर जोडली तर इंजिन मरतं, तोडली तर चालत राहतं. चालणं हा या इंजिनाचा स्वभाव आहे, थांबणं हा त्याला दिलेला हुकूम. म्हणून ठिणगी येत नसेल तर "काय बिघडलं?" याआधी विचारायचं, "नाही कोण म्हणतंय?"

(विमानाच्या छोट्या पिस्टन इंजिनांतही हेच. सेस्ना १७२ च्या इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात, विमानाची वीज गेली तरी इंजिन चालू राहावं म्हणून. तिथेही बंद करायचं ते वायर अर्थ करूनच. आणि ती वायर कुठे तुटलेली असेल तर किल्ली बंद दिसूनही मॅग्नेटो जिवंत असतो. म्हणून उभ्या विमानाच्या पंख्याला कोणीही शहाणा माणूस हात लावत नाही.)

एवढ्यात साताऱ्याहून बाबांचा फोन. इथे सकाळचे नऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा, चहाची वेळ. काय चाललंय विचारलं, सांगितलं. बाबांची उभी हयात बजाज स्कूटरवर गेलेली, त्यामुळे त्यांना चहाहून गोड विषय मिळाला.

"प्लग काढलास का? बॉडीला टेकवून बघ, करंट मारतोय का."

"बाबा, मी टेस्टर आणलाय."

"कशाला पैसे घालवतोस? आपली स्कूटर काय टेस्टरवर चालायची का?"

"अहो, प्लगचं भोक उघडं राहतं, पेट्रोलची वाफ येते बाहेर. शेजारीच ठिणगी नको."

"हं. ते बरोबर आहे," बाबा म्हणाले. साधारण दहा वर्षांतून एकदा ते असं म्हणतात, त्यामुळे मी तारीख लिहून ठेवली आहे. :-) मग त्यांनी पुढचं सांगितलं, "ठिणगी नसेल तर आधी बंद करायची वायर सोडव. कॉइलला हात लावू नकोस. मेकॅनिक लोक आधी कॉइल बदलायला लावतात."

स्कूटर असो वा ट्रॅक्टर, मॅग्नेटो तो मॅग्नेटोच.

टेस्टर लावला. त्याचं एक टोक प्लगच्या टोपीत, दुसऱ्या टोकाचा चिमटा इंजिनाच्या बॉडीला, मधल्या फटीत ठिणगी दिसायला हवी. ब्रेक लॉक, पाती बंद, किल्ली फिरवली. अंधार.

आता शोध. आपला नेहमीचाच मार्ग, मधोमध कापत जायचं. इंजिनाच्या बाजूला एक प्लास्टिकचा जोड असतो, तिथे किल वायर इंजिनातून निघून ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये शिरते. तो जोड सोडवला. आता किल्ली, सीटखालचा स्विच, ब्रेकचा स्विच, पात्याचा स्विच, या सगळ्यांचा आवाज एका फटक्यात बंद. पुन्हा फिरवलं. तरीही अंधार. म्हणजे सध्या ही सगळी मंडळी निर्दोष. "नाही" म्हणणारा इंजिनाच्या बाजूलाच बसलेला आहे, आणि उरलेत फक्त दोन संशयित: कॉइल, आणि कॉइलपासून जोडापर्यंतची हातभर वायर.

वरचा पत्र्याचा टोप काढला. आत उंदरांचं घर. वाळलेलं गवत, कापूस, आजोबांच्या कुठल्याशा हातमोज्याचे तुकडे, सगळं थंडाव्याच्या पंख्यांमध्ये गच्च भरलेलं. (हे इंजिन हवेवर थंड होतं. घरटं न काढता ते चालवलं असतं तर तासाभरात भाजून निघालं असतं.) घरातले रहिवासी केव्हाच निघून गेले होते. भाडं मात्र त्यांनी वायरीच्या आवरणातून वसूल केलं होतं.

घरटं दिसलं म्हणून लगेच निकाल लावायचा नाही, हे हापिसातल्या रात्रपाळ्यांनी शिकवलंय. किल वायर कॉइलपासून सोडवली, पुन्हा फिरवलं. टेस्टरच्या फटीत टकटक टकटक, निळी, करकरीत ठिणगी. म्हणजे कॉइल ठणठणीत. मग मीटरचं एक टोक सुट्या वायरला, दुसरं बॉडीला. पीं... वायरीचं आवरण कुरतडलेलं, आतली तांब्याची तार इंजिनाच्या पत्र्याला टेकलेली. उंदीर कधीचा गेला, आणि त्याचा दात इतकी वर्षं इंजिनाला "नाही" म्हणत होता.

हातभर नवी वायर, वर उष्णतेने आवळणारी नळी, आणि पत्र्याच्या कडेपासून लांबून नेलेला रस्ता. दीड डॉलरचं काम. जाता जाता एक सूचना: ही वायर तपासताना तिला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लावू नका, कॉइल जळते.

टोप उघडाच होता, तर फ्लायव्हीलच्या चुंबकावरचा आणि कॉइलच्या पायांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने उतरवला. मग दोघांमधलं अंतर जुळवायचं. ते ०.०१० ते ०.०१४ इंच असावं लागतं. कॉइलचे दोन स्क्रू सैल करायचे, चुंबक समोर आणायचा, मध्ये जाडसं व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं, चुंबक कॉइलला स्वतःच ओढून घेतो, स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून घ्यायचं. मी फिलर गेजने खात्री केली, पण कार्डही माप बरोबर देतं. आधीच्या नोकरीतली कार्डं शेवटी कामी आली. नव्या प्लगची फट ०.०३० इंच ठेवली. जुनं पेट्रोल काढून कार्बोरेटर साफ केला. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की काय होतं ते वासावरूनच कळतं. पण तो वेगळा लेख.

संध्याकाळी चारला सीटवर बसून ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. एक ठसका, पांढरा धूर, आणि मग इंजिन असं लागलं की आजींनी दारातून टाळ्या वाजवल्या. ब्रेक सोडला.

धप्प. बंद.

पुन्हा चालू केलं, ब्रेक दाबूनच ठेवला. छान चालतंय. सोडला की बंद. नातू म्हणाला, ब्रेकचा स्विच गेलाय. ऐकायला पटतंही. पण मग मी ब्रेक दाबलेला ठेवून पात्याची मूठ ओढली. तरीही बंद. दोन वेगळ्या कारणांनी एकच मरण, म्हणजे तिसरंच कोणीतरी दोन्हीकडे हजर असणार.

यासाठी या ट्रॅक्टरचा कायदा समजून घ्यावा लागतो. सीट, ब्रेक आणि पाती असे तीन स्विच. सीटवर माणूस असेल तर काहीही करा, इंजिन चालेल. सीटवर माणूस नसेल तर ब्रेक लावलेला हवा आणि पाती बंद हवीत, नाहीतर किल वायर अर्थ. तीन स्विचच्या एकूण आठ अवस्था, त्यातल्या पाचांत चालू, तिनांत बंद. आता समजा सीटचा स्विच अडकून बसलाय आणि माणूस बसलेला असूनही "इथे कोणी नाही" असं सांगतोय. मग फक्त एकाच अवस्थेत इंजिन चालेल: ब्रेक दाबलेला, पाती बंद. बरोबर आमचीच परिस्थिती.

सीट उचलून स्विच सोडवला, मीटर लावला. दाबला काय, न दाबला काय, वाचन एकच. आतला दट्ट्या गंजून जागच्या जागी बसलेला.

नातवाने एक क्षणही दवडला नाही. "मग तो जोडच काढून टाक. किंवा आत तारेचा तुकडा घाल. सगळे तेच करतात."

सगळे खरंच तेच करतात. वीस डॉलरचा स्विच, तो पोस्टाने यायला चार-पाच दिवस, आणि इकडे चिठ्ठीवरचे दिवस संपत आलेले. काही मॉडेलांत नुसता जोड काढला तरी काम होतं, काहींत त्यावर उपाय म्हणून जोड सुटला की आतली पट्टी आपोआप अर्थ करते, आणि मग लोक तारेचा तुकडा घालतात. पाच मिनिटांचं काम. दोन मिनिटं माझ्याही हातात पक्कड होतीच.

पण मागचा उतार डोळ्यांसमोर होता. या यंत्राचे दोन धोके मुख्य, ते उलटणं आणि पात्याखाली हातपाय जाणं. माणूस उतारावर सीटवरून घसरला तर त्याला काही दाबायचं, ओढायचं, फिरवायचं सुचणार नाही. त्याच्या वतीने "नाही" म्हणायला तिथे फक्त तो एक स्विच असतो. ढकलायच्या मोअरसाठी तर अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे, हात सुटला की पातं ३ सेकंदांच्या आत थांबलंच पाहिजे. बसायच्या मोअरवर हातांचं ते काम बैठकीकडे दिलंय, एवढाच फरक. आणि इथे बसणार होत्या शहात्तर वर्षांच्या आजी, एकट्या, ओढ्याच्या वरच्या अंगाला.

आमच्या धंद्यात याचं एक भावंड आहे. टेस्ट फेल होतेय म्हणून टेस्टच कॉमेंट करून टाकायची आणि शुक्रवारी संध्याकाळी हिरवा दिवा बघून घरी जायचं. तिथे फार तर सोमवारी शिव्या बसतात.

मी नातवाला म्हटलं, उंदराचं "नाही" आणि या स्विचचं "नाही" एकाच वायरीतून येतं. दोन्ही आज खोटीच होती. पण उंदराचं कायमचं बंद केलं तरी कुणाचं काही जात नाही. स्विच उद्या कधीतरी खरं बोलणार आहे. खोटं बोलणारा पहारेकरी बदलायचा, पहारा उठवायचा नाही.

नातू काही पूर्ण पटल्यासारखा दिसला नाही. त्याचं म्हणणं, आजोबा असते तर जुगाड करून मोकळे झाले असते. आजी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं ट्रॅक्टरचं जुनं माहितीपुस्तक घेऊन आल्या. शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीत, बारीक अक्षरात, वर्षांमागून वर्षं नोंदी. तेल बदललं. प्लग बदलला, फट ०.०३०. पाती घासली. प्रत्येकीपुढे तारीख. असा लॉग मी नोकरीत अजून पाहिलेला नाही. शेवटची नोंद ऑक्टोबर २०२२ ची. तिचा अर्थ साधारण असा: सीटचा स्विच अधूनमधून सोडतो, वसंतात नवा मागवणे.

नातवाने ते वाचलं आणि स्विचचा पार्ट नंबर शोधायला त्यानेच फोन काढला.

गावाच्या कार्यालयात आजींनी सोमवारी फोन केला. ट्रॅक्टर दुरुस्त होतोय, भाग मागवलाय असं सांगितल्यावर एका आठवड्याची मुदत सहज मिळाली. तोवर पुढचं गवत मी आमच्या ढकलायच्या मोअरने कापलं, उतार नातवाने. स्विच गुरुवारी आला, बावीस डॉलर. बसवायला दहा मिनिटं.

आणि मग त्याची परीक्षा, जी प्रत्येकाने दर वर्षी पहिल्या कापणीआधी घ्यावी असं माझं मत आहे. सपाट जागा, आजूबाजूला कोणी नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, पाती चालू, आणि बसल्या जागी थोडंसं वर उठायचं. पाय जागेवरच, खाली उतरायचं नाही. इंजिन गप्प झालं पाहिजे. नाही झालं तर किल वायर कुठेतरी तुटली आहे किंवा कोणीतरी तारेचा तुकडा घालून गेलंय. नुसतं चालणारं इंजिन याबद्दल तुम्हाला काहीही सांगत नाही, कारण चालणं हा त्याचा स्वभावच आहे.

परीक्षा आजींनी स्वतः दिली. तीनदा उठल्या, तीनदा इंजिन गप्प. चौथ्यांदा मला म्हणाल्या, पुरे आता, गवत वाढतंय. उतारावर त्या आडव्या न जाता वरून खाली आणि खालून वर गेल्या, आजोबा तसंच करायचे म्हणे. (माहितीपुस्तकातही तेच लिहिलंय, मी बघितलं.) ओढ्याजवळची शेवटची पट्टी तशीच सोडली. तिथलं गवत आता नातू हाताने कापतो.

पुस्तकातल्या ऑक्टोबर २०२२ च्या खाली पेन्सिलीने दोन ओळी भरल्यात. किल वायर नवी, उंदीर. सीट स्विच नवा. अक्षर आजींचं आहे, मी फक्त तारखा सांगितल्या.

बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, आधी वायर सोडव म्हणून." मग थोडं थांबून, "शेडमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्यास का? नाहीतर उंदीर पुन्हा येतील."

असो. उंदरांवरचे उपाय कोणाला माहीत असतील तर जरूर कळवा. डांबराच्या गोळ्या आजींना चालत नाहीत, वास येतो म्हणतात.